परगावच्या बाईचा सुईदोरा



दिवाळी सरली की दौंड आणि शिरूर तालुक्यांत उसाच्या फडांजवळ पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. बीडकडून, अहिल्यानगरकडून तोडणीची माणसे येतात. इकडे रांजणगावच्या कारखान्यांमुळे आसपासच्या गावांत विदर्भ-मराठवाड्यापासून थेट बिहारपर्यंतची कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात. या दोन्ही ठिकाणच्या बायकांविषयी आज थोडे बोलायचे आहे. त्यांना शिवणकाम शिकवावे, असे आपण सगळेच म्हणतो. वर्ग निघतो, संपतो, दाखलाही मिळतो. पण पुढे काय? पुष्कळदा दाखला ट्रंकेत आणि बाई पुन्हा पहिल्याच कामावर! असे का होते?

उत्तर शोधायला लांब जायला नको. पुण्याहून दौंडकडे जाताना आगगाडीला केडगाव स्टेशन लागते. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आहे. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व विधवा बरोबर घेऊन आल्या. त्यात पुण्यात प्लेग. शहरात त्यांना ठेवणे कठीण झाले. मग केडगावच्या माळावर आधी तंबू आणि छपरे, पुढे इमारती अशी वस्ती झाली. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळानंतर तिथल्या बायका-मुलींची संख्या दीड हजारापर्यंत गेली. रमाबाईंच्या धर्ममतांविषयी त्या काळी फार वाद झाले. तो आजचा विषय नाही. आपण पाहायचे ते एवढेच, की परमुलखातून आलेल्या, उपाशी, अक्षरशत्रू अशा बायका पुढे काय करू लागल्या? विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभते. इतकेच काय, छापखान्यात खिळे जुळवण्याचे कामही त्या करीत. अंध स्त्रियांनाही हाताचे काम शिकवले जाई.

यातली मेख नीट ध्यानात घ्या. दीड हजार माणसांना अंगावर कपडा हवा, ताटात भाकरी हवी. म्हणजे शिकलेल्या कामाला गिऱ्हाईक दारातच होते. आपले वर्ग फसतात ते इथे. आपण आधी टाका शिकवतो आणि मग विचारतो, आता हे घेणार कोण? हा क्रम उलटा केला पाहिजे. आधी गिऱ्हाईक, मग टाका.

आता गिऱ्हाईक कुठे आहे ते पाहू. २०१८ साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. बंदी आली, पण पिशवीची गरज काही गेली नाही. एक जुनी सुती सहावारी साडी घ्या. लांबी २१६ इंच, पन्हा ४५ इंच. १८ इंच रुंद आणि २० इंच उंच असे तुकडे कापले, तर एका लांबीत १२ आणि दोन ओळी मिळून २४ तुकडे निघतात. दोन तुकड्यांची एक, अशा १२ पिशव्या झाल्या. कडेला ५ इंचांची पट्टी उरते. ती मधोमध चिरली की त्यातून बरोबर २४ बंद निघतात. चिंधीसुद्धा वाया जात नाही! अर्थात साडी विरलेली असेल तर कापड दुहेरी घ्यावे. मग पिशव्या सहाच. आणि त्याहून जुने कापड असेल तर आपली गोधडी आहेच. धावदोऱ्याने कडेकडून आत शिवत जायचे. त्याला ना यंत्र लागते ना वीज. कोपीतल्या बाईला ही विद्या आईकडून आलेली असते. तिला ती आपण शिकवायची नसून तिच्याकडून विकत घ्यायची आहे.

पण इथे एक सावधगिरी हवी. ऊसतोडीची बाई पहाटे फडात जाते, मोळ्या बांधते, वाहते आणि संध्याकाळी चूल पेटवते. तिच्या डोक्यावर हे तिसरे ओझे टाकून आपण उपकार केला, असे समजू नये. जिला बाळंतपणामुळे किंवा वयामुळे फडात जाणे झेपत नाही, तिला हे काम द्यावे. बाकीच्या जणींनी आपल्या गावी परतल्यावर करावे. शाळेच्या वयाच्या मुलीला मात्र देऊ नये. तिची जागा वर्गात आहे. रांजणगावच्या खोलीतल्या बाईची गोष्ट वेगळी. तिला दुपार मोकळी असते. तिला यंत्र उपयोगी पडेल. पण तेही शक्यतो हातयंत्र असावे. खोली बदलली की ते उचलून नेता येते. पाययंत्राचे बिऱ्हाड अवघड!

कागदपत्रांचीही अडचण असते. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत ठरवलेली आहे. पण अर्जाची पहिली तपासणी ग्रामपंचायतीत होते, आणि परगावच्या बाईची ग्रामपंचायत कोणती? गावी जाईल तेव्हाच अर्ज करण्याची आठवण तिला कोणी तरी द्यायला हवी. तो ‘कोणी तरी’ म्हणजे आपणच.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. २०२४-२५ साली राज्यभर एकसारख्या गणवेशाचे कापड कापून बचत गटांकडे शिवायला देण्यात आले. हेतू चांगला होता. पण अनेक शाळांत गणवेश उशिरा पोचले आणि मापे चुकली. डिसेंबर २०२४ मध्ये हा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. ही संधी समजा. शाळेच्या ओट्यावर मुलाचे माप घेणारी बाई गावातच राहत असेल, मग ती भाड्याच्या खोलीतली का असेना, तर बाही आखूड झाली तरी दुसऱ्या दिवशी दुरुस्त होईल. गावच्या बचत गटाने तिला बरोबर घ्यावे. मजुरी नगावर ठरवावी आणि काम झाले की लगेच हातात द्यावी. आगाऊ रक्कम देऊन तिला बांधून मात्र ठेवू नये. उचलीने तिचे घर आधीच बांधलेले आहे.

शेवटी एकच सांगतो. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. उचल त्या कोयत्याला, हिशेबही त्या कोयत्याचा. त्यात बाईचे श्रम किती, हे वेगळे कुठेच लिहिले जात नाही. बारा पिशव्यांचे पैसे थोडेच असतील. पण ते तिच्या नावावर मोजले जातात. कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच. उद्या आठवड्याच्या बाजाराला जाल, तेव्हा घरातली एक जुनी साडी काढून ठेवा, आणि ती शिवून देणारे हात आपल्या गावात कुठे आहेत, याची चौकशी करा. शिवून आणल्यावर मजुरी देताना घासाघीस करू नका.