शेत नसलेला आगेरा

आज कोडिंग नाही, करिअर नाही. घरात सगळं बिनसलेलं असताना देवाचे आभार मानायचे म्हणजे नक्की काय करायचं, नाटक करायचं का, असं काही जणांनी विचारलं होतं. मला उत्तर येतं असं नाही. पण आमच्या मरोळची एक गोष्ट सांगतो.

माझी पहिली नोकरी सीप्झमध्ये. तिथे कंपन्यांच्या इमारतींमध्येच एक पडकं चर्च उभं आहे. छप्पर गेलेलं, भिंतींवर झाडं. पोर्तुगीज काळात, १५७९ साली जेझुइट धर्मगुरूंनी कोंडिविटे गावासाठी ते बांधलं. १८४० मध्ये गावात साथ आली, तेव्हा लोक ते सोडून मरोळला आले. नवं चर्च इथे उभं राहिलं. पुढे १९७३ मध्ये ती जागा सीप्झमध्ये गेली. आता वर्षातून एकदा आमचे लोक तिथे मिस्सा करायला जातात, एरवी गेटवर पास लागतो.

लंच ब्रेकमध्ये ते अवशेष बघताना मला एकच प्रश्न पडायचा. साथीतून निघताना माणूस काय उचलतो? मी लॅपटॉप आणि चार्जर उचलेन. आमच्याकडे सांगतात की त्या लोकांनी मूर्ती, वेद्या आणि बाप्तिस्म्याचं कुंडसुद्धा आणलं. घराघरांत माणसं दगावत होती, आणि हे पुढे जन्मणाऱ्या पोरांची सोय बरोबर घेऊन चालले होते!

आता आगेरा. आम्हा ईस्ट इंडियन लोकांचा हा सुगीचा सण, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. नव्या भाताच्या लोंब्या देवळात न्यायच्या (आमची म्हातारी माणसं चर्चला देऊळच म्हणतात), त्यांना आशीर्वाद घ्यायचा, देवाचे आभार मानायचे. पण मरोळमध्ये आता भात कुठे? लोंब्या गोराईच्या नातेवाइकांकडून आणाव्या लागतात. लहानपणी मला हसू यायचं. शेत नाही, पीक नाही, आभार कसले?

एप्रिल २०२१ मध्ये पप्पा गेले. कोविड. अकरा दिवस ऑक्सिजनवर होते. आम्हाला शेवटचं जवळून बघता आलं नाही, त्यावर जास्त बोलत नाही. नंतर फोन यायचे, "देवाचे आभार माना, त्रासातून सुटले." त्या वाक्याचा मला इतका राग यायचा की मी फोन उचलणंच बंद केलं. बग सापडला की मी कारण शोधतो, लॉग वाचतो. इथे लॉगच नव्हता.

त्या वर्षी आगेरा ३ ऑक्टोबरला होता. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळं उघडली ७ ऑक्टोबरला. चार दिवसांनी चुकलं. मिस्सा फक्त मोबाईलवर. मम्मी आदल्या दिवशी म्हणाली, गोराईहून लोंब्या घेऊन ये. मी म्हटलं, "कशाला? यंदा आपलं काय पिकलंय?"

ती म्हणाली, "पिकलं म्हणून नाय नेत. आगेरा आला म्हणून नेतो."

मी गेलो नाहीच. ती स्वतः बोरिवलीला गेली, बोटीने खाडी ओलांडली आणि पेपरात गुंडाळून लोंब्या घेऊन आली. पप्पांच्या चहाच्या स्टीलच्या ग्लासात त्या ठेवल्या, समोर मोबाईल उभा केला. मिस्सा संपल्यावर ती मोठ्याने बोलायला लागली. मी दारातून ऐकत होतो. पप्पांच्या कानाशी फोन धरणाऱ्या नर्सबाईसाठी थँक्यू. तेरा दिवस दाराशी डबा ठेवणाऱ्या शेजारणीसाठी थँक्यू. माझी नोकरी टिकली त्यासाठी थँक्यू. यादी बरीच लांब होती. पप्पा गेले, त्याबद्दल मात्र एकदाही आभार नाहीत. उलट शेवटी म्हणाली, "आणि ते जे केलंस ना, ते मला नाय पटलं. अजून नाय पटलं."

मग क्रूस केला आणि भाकऱ्या थापायला गेली.

मी बायबल फार वाचणारा नाही. पण संत पौलाने थेस्सलनीकाच्या लोकांना, ज्यांचा छळ चालू होता त्यांना, आभार मानायला सांगितलं, ते प्रत्येक परिस्थितीत. प्रत्येक परिस्थितीबद्दल नव्हे. एवढ्याशा प्रत्ययाचा फरक आहे, पण मला तो मम्मीचं ऐकल्यावर कळला. तुम्ही म्हणाल, तुकोबांचं काय? दुष्काळात बायको, मुलगा, धंदा सगळं गेलं आणि नंतर त्यांनी त्या दिवाळ्याचेही देवाकडे आभार मानले. खरं आहे. मी तिथवर पोचलेलो नाही. मम्मीही नाही, आणि तसा आव ती आणत नाही.

पुढच्या वर्षापासून लोंब्या आणायचं काम माझ्याकडे आहे. पहिल्या वेळी मी त्या बॅगेत कोंबल्या, तर घरी पोचेपर्यंत निम्मे दाणे लॅपटॉपच्या कप्प्यात. आता पेपरात गुंडाळून हातातच धरतो. ग्लास तोच आहे.

चला, भेटू पुढच्या भागात.