चिखल खाऊन जगणारे कूळ

भाताच्या बांध्या आणि बोड्या-तलावांच्या गोंदिया जिल्ह्यात राहून मी समुद्रतळावरच्या प्राण्याबद्दल बोलतो, याचे अनेकांना नवल वाटते. मुंबईचा समुद्र इथून रेल्वेने हजार किलोमीटरच्या आसपास. पण चिखल आपल्याला नवा नाही, आणि हा प्राणी चिखलच खातो.

नाव समुद्रकाकडी. काकडी नावापुरतीच, नाते तारामाशाशी, म्हणजे कंटकचर्मी संघाशी. तिला मेंदू नाही, तोंडाभोवती मज्जातंतूंचे एक कडे तेवढे असते. उथळ पाण्यातल्या समुद्रकाकड्या शरीराच्या मागच्या टोकाकडून पाणी आत ओढून झाडासारख्या फाटे फुटलेल्या अवयवाने श्वास घेतात. खोल समुद्रातल्या एल्पिडिइडी कुळात हा श्वसनवृक्षच नाही! प्राणवायू पातळ कातडीतून झिरपतो. पोटाखाली मोजकेच पण जाडजूड नलिकापाद, आतल्या पाण्याच्या दाबावर चालणारे. पाठीवर शिंगांसारखे दिसतात तेही मुळात पायच. तोंडाभोवतीच्या दहा स्पर्शकांनी चिखल आत लोटायचा, त्यातला सेंद्रिय अंश पचवायचा, उरलेला मागे टाकायचा. आपल्या शेतातले गांडूळ वेगळे काय करते? याच कुळातल्या स्कोटोप्लेन्सला तर 'समुद्रडुक्कर' म्हणतात. पेनियागोनच्या काही जाती मात्र चक्क पोहतात.

'चॅलेंजर' जहाजाच्या 1872 ते 1876 च्या सफरीत असे प्राणी जाळ्यात आले आणि स्वीडनच्या यालमार थेल यांनी 1882 मध्ये हे कूळ मांडले. काम किचकट. शरीर जवळजवळ पाण्याचेच, वर काढेपर्यंत त्याचा लगदा होतो. मग जात ओळखायची कशावरून? कातडीत रुतलेल्या चुन्याच्या सूक्ष्म कणांवरून. या कुळात ते बहुधा चार हातांच्या फुलीसारखे असतात. आकार, काटे, वाक पाहायचे ते सूक्ष्मदर्शकाखाली. मला हे शास्त्र कोतवालाच्या पंचनाम्यासारखे वाटते. देह गेला, खुणा राहिल्या.

आता हे सारे आपल्या दारात आले आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 'गवेषणी' जहाजावरून 26 जानेवारी 1981 रोजी हिंदी महासागराच्या तळातून मँगनीजयुक्त धातूंचे गोटे वर काढले. 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार झाला. भारताच्या वाट्याला 75,000 चौरस किलोमीटर तळ आहे. 2021 मध्ये 'वराह' हे यंत्र 5,270 मीटर खोलीवर चालवून पाहिले गेले. गोट्यांत निकेल, कोबाल्ट, तांबे आहे. देशाला ते हवेच आहे, हे मी नाकारत नाही. पण गोटे उचलताना वरचा चिखलही उडणार, आणि तोच या कुळाचे ताट आहे. गोटा वाढतो दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर.

समुद्रकाकड्यांना आपल्या वन्यजीव कायद्याने 2001 पासून संरक्षण दिले. मात्र तो कायदा देशाच्या हद्दीपुरता, आणि हा तळ हद्दीबाहेरचा. तिथले नियम प्राधिकरण ठरवते. 1997 मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी मुद्दाम तळाचा एक तुकडा ढवळून तिथली जीवसृष्टी कशी सावरते, याच्या नोंदी पुढची काही वर्षे घेतल्या. खाणीआधी असे काम आणखी व्हावे, आणि त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली त्या चुन्याच्या फुल्या ओळखणारी चार तरुण माणसे तयार व्हावीत. ती गोंदियाची असली तरी चालतील.