आकाशातील मैलाचे दगड



पायी जाणाऱ्याने वाटेत भेटलेल्या माणसास "गाव किती राहिले?" म्हणून विचारावे, तर "हे काय, त्या टेकडीपल्याड!" असे उत्तर येते. टेकडी ओलांडावी, तो पुढे आणखी दोन टेकड्या उभ्याच! यात पाय दुखतात, यापलीकडे काही बिघडत नाही. ढगात शिरलेल्या वैमानिकाला मात्र टेकडी मागे पडली की पुढेच आहे हे कळले नाही, तर प्राणांवर बेतते. २५ ऑक्टोबर १९३८ रोजी ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडहून मेलबर्नकडे निघालेले 'कायीमा' हे विमान ढगांमुळे खालची भूमी न दिसल्याने मेलबर्न ओलांडून पुढे गेले व माउंट डँडेनाँग या डोंगरावर आदळले. आतील १८ ही माणसे दगावली. आपण किती अंतर आलो, या एका अंदाजाने घात केला.

त्याच ऑस्ट्रेलियात पुढे 'टॅफी' बोवेन यांच्या नेतृत्वाखाली या प्रश्नावर काम झाले. युद्धापूर्वी इंग्लंडात विमानात मावेल असे रडार सिद्ध करणाऱ्यांत हे गृहस्थ अग्रणी होते. त्यांच्या प्रयोगशाळेत आकारास आलेले अंतरमापक यंत्र १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभी तेथील विमानांच्या उपयोगी पडू लागले. आजचे यंत्र निराळ्या लहरींवर चालते व त्याला वैमानिक डी.एम.ई. म्हणतात. तत्त्व मात्र तेच.

नदीच्या अलीकडे उभे राहून आपण पैलतीरीच्या नावाड्याला हाक मारतो. तो "ओ" देतो. हाक आणि ओ यांमधला वेळ मोजला की पात्राची रुंदी कळेल. विमान अशीच बिनतारी हाक जमिनीवरील स्थानकाला देते. या लहरी सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर धावतात. म्हणून एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर, जाऊन परत यायला सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी अवघे १२.३६ भाग पुरतात. हा प्रतिध्वनी नव्हे, हे ध्यानात घ्यावे. प्रतिध्वनी क्षीण असतो आणि डोंगर, इमारती सगळेच तो देतात. येथे स्थानक स्वतःच्या जोराने आणि ६३ मेगाहर्ट्झ इतक्या निराळ्या सुरात ओ देते. शिवाय हाक एकेरी नसते, ठराविक अंतराच्या दोन ठोक्यांची असते. विजेच्या कडकडाटाने स्थानक फसू नये, ही त्यातली खुबी.

आमचा नावाडी उत्तरापूर्वी नेमका एक श्वास घेतो असे समजा. स्थानकही मुद्दाम थांबते, बहुधा ५० मायक्रोसेकंद, म्हणजे जवळच्या विमानाची हाक संपण्याआधीच उत्तर येऊन गोंधळ होत नाही. विमान ४० मैलांवर असेल तर उत्तर सुमारे ५४४ मायक्रोसेकंदांनी येते. त्यांतून ५० वजा केले की उरते ते प्रवासाचे. हा श्वास एका मायक्रोसेकंदाने लांबला तरी आकडा दीडशे मीटरने चुकतो.

आता तीरावर शंभर माणसे एकदम ओरडू लागली, तर आपला ओ कोणता? आम्हाला या यंत्रातील सर्वांत मौजेची गोष्ट हीच वाटते. प्रत्येक विमान आपल्या हाका मुद्दाम अनियमित अंतराने देते. त्या वेड्यावाकड्या तालाशी प्रत्येक वेळी सारख्याच विलंबाने जुळणारी उत्तरे तेवढी आपली. बाकीची परक्यांची म्हणून सोडून द्यायची. गर्दी फारच झाली तर स्थानक आपला कान थोडा मंद करते, आणि दूरचे गिऱ्हाईक आपोआप गळते!

परंतु हे अंतर तिरपे असते, म्हणजे शाळेतल्या त्रिकोणाचा कर्ण. ३६ हजार फुटांवरचे, म्हणजे सुमारे सहा मैल उंचीवरचे विमान थेट स्थानकाच्या डोक्यावर असले तरी आकडा सहाच दाखवतो. जमिनीवरून आठ मैल असेल तेव्हा दहा. चाळीस मैलांवर मात्र हा फरक अर्ध्या मैलाहूनही कमी भरतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. यंत्र स्थानकापासूनचे अंतर सांगते, धावपट्टीपासूनचे नव्हे. ग्वाम बेटावर हे स्थानक धावपट्टीच्या अलीकडे ३.३ मैलांवर, निमिट्झ हिल नावाच्या टेकडीवर होते. तेथे उतरताना आकडा घटत शून्याकडे येई, आणि टेकडी ओलांडल्यावर पुन्हा वाढू लागे. ६ ऑगस्ट १९९७ च्या पहाटेपूर्वी, पावसात, कोरियन एअरचे ८०१ क्रमांकाचे विमान त्याच टेकडीवर आदळले. २५४ पैकी २२८ जण मृत्यू पावले. उतार दाखविणारी यंत्रणा त्या दिवशी बंद होती, वैमानिक थकलेला होता, जमिनीवरील धोक्याची सूचनाही निष्प्रभ केलेली होती. कारणे अनेक. पण आपण विमानतळाच्या अधिक जवळ आहोत असा कप्तानाचा ग्रह झाला असावा, ही शक्यता अमेरिकी चौकशी मंडळाने नोंदविली आहे.

आता उपग्रह आले, मग हे जुने यंत्र कशाला, असे कोणी विचारील. उपग्रहांचे संदेश जमिनीपर्यंत येतात ते अतिशय क्षीण होऊन, आणि ते दडपून टाकणे अवघड नाही. तसे झाले तर विमानातील संगणक दोन स्थानकांची अंतरे घेतो. घरी कंपासने दोन वर्तुळे काढून पाहावीत. ती एकमेकांना दोन ठिकाणी छेदतात. त्यांतले आपले ठिकाण कोणते, हे आलेल्या मार्गावरून किंवा तिसऱ्या स्थानकाला विचारून ठरते.