दर उन्हाळ्यात मालागारला

आजच्या व्याख्यानाचा विषय एक घर आणि त्याच्या भोवतालचा द्राक्षमळा हा आहे. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात, बोर्दो शहरापासून गारोन नदीच्या प्रवाहाविरुद्ध सुमारे पंचेचाळीस किलोमीटर गेले की डाव्या तीरावर लांगों हे लहानसे शहर लागते. तेथे पूल ओलांडून उजव्या तीरावरची टेकडी चढली की सें-मेक्सां गावाच्या हद्दीत मालागार नावाची मालमत्ता आहे. घर राजवाड्यासारखे नाही. लांबट, साध्या बांधणीचे, कौलारू. त्याला लागून द्राक्षासवाची कोठारे. मध्ये अंगण आणि सर्व बाजूंनी वेलींच्या रांगा. मळ्याच्या टोकाला एक मोकळा चौथरा आहे. तेथून खाली गारोनचे खोरे दिसते, पलीकडे सोतेर्नचे जगप्रसिद्ध द्राक्षमळे, आणि त्यांच्याही मागे लांद प्रदेशातील पाइन अरण्याची काळी रेघ.

कादंबरीकार फ्रांस्वा मोरियाक (१८८५–१९७०) पॅरिसमध्ये राहत आणि दर वर्षी येथे परत येत. ईस्टरच्या सुमारास थोडे दिवस, आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात द्राक्षांच्या तोडणीपर्यंत अधिक काळ. त्यांना १९३३ मध्ये फ्रेंच अकादमीचे सभासदत्व आणि १९५२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु या मानसन्मानांचा आजच्या विषयाशी फारसा संबंध नाही. संबंध आहे तो या परतण्याशी.

आवडत्या ठिकाणी सुट्टी घालवण्यात सांगण्यासारखे एवढे काय असते, असे कोणी विचारील. द्राक्षांच्या प्रदेशात जो प्रवासी म्हणून येतो, त्याच्या बाबतीत खरोखरच फारसे काही नसते. तो चार दिवस राहतो, उत्तम पेय चाखतो, टेकडीवरून सूर्यास्त पाहतो आणि निघून जातो. त्या वर्षीचे पीक बुडाले काय आणि तरले काय, त्याच्या सुट्टीत काही उणे पडत नाही. मोरियाक मालागारला पाहुण्यासारखे येत, पण ते पाहुणे नव्हते. मळा त्यांच्या मालकीचा होता, आणि विश्रांतीसाठी आलेल्या या मनुष्यापुढे पहिल्याच दिवशी आकाशाची चिंता आणि हिशेबाची वही येऊन पडत असे.

ही मालमत्ता मोरियाक यांच्या पणजोबांनी १८४३ मध्ये विकत घेतली. फ्रान्समधील द्राक्षवेलींचा संहार करणारी फिलोक्सेरा ही कीड तोपर्यंत युरोपात आलेली नव्हती. ती पुढे १८६०च्या दशकात आली आणि बोर्दोच्या मळ्यांना अमेरिकन मुळांवर कलमे बांधून नव्याने उभे राहावे लागले. म्हणजे ज्या वेलींकडे पाहून मोरियाक यांना पूर्वजांची आठवण येई, त्या वेली पूर्वजांनी लावलेल्या नव्हत्या. मातीचा तुकडा मात्र तोच होता.

बालपणी मोरियाक यांच्या सुट्ट्या दोन अगदी भिन्न प्रदेशांत जात. एक होते लांदमधील सें-सिंफोरियां, वाळू, पाइनची झाडे आणि राळेचा वास यांचे गाव. दुसरे होते मालागार. वडील वारले तेव्हा ते दोन वर्षांचेही नव्हते. पाच भावंडांत धाकटे असलेल्या या मुलाला विधवा आईने आणि आजीने कठोर धार्मिक वातावरणात वाढवले. शाळेचे वर्ष बोर्दोच्या अंधाऱ्या घरांत जाई. उन्हाळा आला की दारे उघडत. त्यांच्या कादंबऱ्यांतील पात्रे बहुधा उन्हाळ्यातच पेटून उठतात, ज्येष्ठ महिन्यासारख्या तापलेल्या दुपारी बंद झडपांच्या आड बसून एकमेकांचा द्वेष करतात. या लेखकाच्या स्मृतीत वर्षाचा तेवढाच भाग पूर्ण प्रकाशात उभा होता, हे लक्षात घेतले म्हणजे याचे नवल वाटत नाही.

कौटुंबिक वाटणीत १९२७ मध्ये मालागार फ्रांस्वा यांच्या वाट्याला आले. तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होत होते आणि पॅरिसमध्ये त्यांचे नाव झालेले होते. त्या क्षणापासून बालपणीचे सुट्टीचे ठिकाण ही एक जबाबदारी झाली.

ही जबाबदारी कशी असते, हे समजण्यासाठी येथील पिकाची रीत थोडी पाहावी लागेल. या भागात पांढऱ्या द्राक्षांपासून गोड द्राक्षासव करतात. सेमियों ही त्यातील प्रमुख जात. सिरों नावाची एक छोटी, थंड पाण्याची नदी अरण्यातून वाहत येऊन उबदार गारोनला मिळते, आणि शरद ऋतूत या संगमाच्या परिसरात पहाटे धुके उतरते. धुक्यातील ओलाव्याने द्राक्षांवर एक बुरशी धरते. एरवी बुरशी म्हणजे नाश. पण पहाटे धुके आणि दुपारी कोरडे ऊन असा क्रम जमला तर हीच बुरशी द्राक्षाची साल सच्छिद्र करते, आतील पाणी उडून जाते आणि साखर दाट होते. त्या प्रदेशातील लोक या कुजण्याला ‘उदात्त’ असे विशेषण लावतात. सर्व घड एकाच वेळी या अवस्थेला पोचत नाहीत, म्हणून तोडणी करणाऱ्यांना त्याच रांगेतून पुनःपुन्हा फिरावे लागते, आणि काही वर्षी ही तोडणी नोव्हेंबरपर्यंत लांबते. मध्येच पाऊस लागून राहिला तर उदात्त कूज साधी कूज होते. सोतेर्नमधील शातो द’इकेमसारख्या मळ्याविषयी असे म्हणतात की तेथे एका वेलीपासून एक पेलाभर द्राक्षासव मिळते. तेथे त्या पेल्याला तशी किंमतही येते. नदीच्या अलीकडच्या तीरावरील मळ्यांना कष्ट तेच करावे लागत. भाव मात्र तो मिळत नसे. मालागारच्या चौथऱ्यावरून समोर सोतेर्न दिसते, ही गोष्ट केवळ देखाव्याची नव्हे.

आणि मग गारपीट. जूनमध्ये वेली फुलावर येतात, तेव्हापासून तोडणीपर्यंत सुमारे शंभर दिवस जातात. या शंभर दिवसांत लांदवरून चढणारा एखादा काळा ढग वर्षाचे श्रम दहा मिनिटांत झोडपून टाकू शकतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेतकरी अशा ढगांवर तोफा आणि अग्निबाण सोडीत. त्यांचा ढगावर परिणाम होत असे की शेतकऱ्याच्या मनावर, हे सांगणे कठीण आहे. सुट्टीवर आलेला मनुष्य वादळ पाहून म्हणतो, बरे झाले, हवा थंड झाली. मालक झोपेतून उठून खिडकीशी जातो.

हा फरक मोरियाक यांनी आपल्या सर्वोत्तम कादंबरीत वापरला. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सर्पांचे वेटोळे’ या कादंबरीत लुई नावाचा वृद्ध, श्रीमंत वकील आपल्या द्राक्षमळ्यातील घरात बसून पत्नीला उद्देशून एक प्रदीर्घ पत्र लिहीत आहे. आयुष्यभर त्याने पैसा आणि जमीन यांवरच प्रेम केले. आता मुलांना वारसाहक्कापासून वंचित करण्याचा डाव तो रचत आहे. कादंबरीतील त्या मळ्याचे नाव कालेझ आहे, पण तो मालागारच्या नमुन्यावर उभा केला आहे, हे कोणापासून लपलेले नाही. एका रात्री वादळ येते, गारा पडतात. जो मनुष्य जन्मभर गारांच्या आवाजाने कापत आला, त्याला त्या रात्री पूर्वीचे दुःख होत नाही असे आढळते. आपले म्हणून जे धरून ठेवले, त्याची पकड सैल झाली आहे. पश्चात्ताप, पत्नीचा मृत्यू, मुलांशी होणारा उशिराचा समेट हे सारे नंतरचे. पण मनुष्य बदलू लागला याची एक निःसंदिग्ध खूण म्हणून लेखकाने गारपिटीची रात्र निवडली. ज्याच्या स्वतःच्या वेली गारांखाली सापडू शकत नाहीत, अशा लेखकाला ही खूण सुचली असती की नाही, याची शंका वाटते.

मोरियाक यांना स्वतःला ही अलिप्तता कितपत साधली होती? ते श्रद्धाळू कॅथलिक होते आणि मालमत्तेच्या मोहावर त्यांनी जितके कठोर लिहिले तितके फार थोड्यांनी लिहिले असेल. त्याच वेळी ते बोर्दोच्या जमीनदार मध्यमवर्गाचे पुत्र होते आणि मालागारवर त्यांचा विलक्षण जीव होता. उरलेले वर्ष वेलींची छाटणी, बांधणी, फवारणी हे काम तेथे कायम राहणारी माणसे करीत. मालक येई तेव्हा वेली पानांनी भरलेल्या असत. हिवाळ्यातील उघड्या, काळ्या खोडांचा मळा हा कष्ट करणाऱ्यांच्या वाट्याचा, उन्हाळ्यातील हिरवा मळा हा लेखकाच्या वाट्याचा. त्यांच्या कादंबऱ्यांत मालकवर्गाचा आत्मा तळापर्यंत खणलेला आहे, पण कुळे आणि मजूर बहुधा दाराशी उभे असलेले दिसतात. हा दोष म्हणावा लागेल.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. मालागारपासून काही किलोमीटरवर मालरोमे नावाची हवेली आहे. चित्रकार तुलूझ-लोत्रेक यांच्या आईने ती १८८३ मध्ये द्राक्षमळ्यासह विकत घेतली. पॅरिसच्या रात्री रंगवणारा हा चित्रकारही उन्हाळ्यात आईकडे येत असे, आणि अखेरीस प्रकृती पूर्ण ढासळल्यावर तेथेच आला. ९ सप्टेंबर १९०१ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्याचे तेथे निधन झाले. जवळच्या वेर्दले या तीर्थक्षेत्री त्याची कबर आहे. त्या वर्षी मोरियाक पंधरा वर्षांचे होते. लोत्रेकचे परतणे मात्र आईकडे होते, मळ्याकडे नव्हे.

दर वर्षी परत येण्यात एक गोष्ट गृहीत असते, आणि ती म्हणजे परत जाता येणे. १९४० साली ते गृहीत उरले नाही. जूनमध्ये फ्रान्सने शस्त्रसंधी केला, देशाचे दोन भाग पडले आणि व्याप्त प्रदेशाची सीमारेषा लांगोंजवळून गेली. मालागार व्याप्त भागात राहिले. जर्मन अधिकारी घरात उतरले. ज्या दालनांत पूर्वी मुलांच्या सुट्ट्या गजबजत, तेथे लष्करी बुटांचा आवाज सुरू झाला, आणि कुटुंबाला हिवाळ्याचे दिवसही तेथे काढावे लागले. मालकाला कधी नव्हे ते आपल्या वेली उघड्या खोडांच्या अवस्थेत पाहाव्या लागल्या. पुढे १९४३ मध्ये ‘काळी वही’ हे त्यांचे छोटे पुस्तक ‘फोरेझ’ या टोपणनावाने एका भूमिगत प्रकाशनसंस्थेने छापले. शत्रूशी सहकार्य करणाऱ्यांविरुद्ध इतक्या स्पष्टपणे लिहिणारा हा मनुष्य काही वर्षांपूर्वीपर्यंत प्रामुख्याने कौटुंबिक पापांचा कादंबरीकार म्हणून ओळखला जाई. स्वतःच्या घरात परक्याची परवानगी घेऊन वावरण्याचा अनुभव यामागे किती होता, ते मोजता येणार नाही. नव्हता असे मात्र म्हणवत नाही.

युद्धानंतर जुना क्रम पुन्हा सुरू झाला. १९५२ पासून मृत्यूपर्यंत मोरियाक यांनी ‘टिपणवही’ हे सदर चालवले. मोरोक्को आणि अल्जीरियातील फ्रेंच दडपशाहीवर त्यातून त्यांनी केलेल्या टीकेने त्यांच्याच वर्गातील अनेक वाचक दुखावले. या टिपणांपैकी पुष्कळांच्या आरंभी स्थळ म्हणून मालागारचे नाव आहे. पॅरिसमधील मंत्रिमंडळ, पोलीस ठाण्यांतील छळ आणि चौथऱ्यावरून दिसणारी संध्याकाळ ही एकाच पानावर येतात. काही टीकाकारांना हे मिश्रण खटकले. परंतु जो मनुष्य वर्तमानपत्र द्राक्षांच्या रांगांमध्ये बसून वाचतो, त्याच्या लिखाणात दोन्ही येणारच.

१ सप्टेंबर १९७० रोजी, तोडणीच्या तोंडावर, मोरियाक पॅरिसमध्ये वारले. त्यांचे दफन मालागारला झाले नाही. पॅरिसच्या उत्तरेस वेमार येथे, जेथे त्यांच्या पत्नीच्या कुटुंबाचे घर होते, तेथे झाले. चार मुलांपुढे घराचा प्रश्न उभा राहिला. कादंबरीतील लुईच्या मुलांनी काय केले असते ते वाचकांना ठाऊक आहे. लेखकाच्या मुलांनी १९८५ मध्ये, पित्याच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, मालागार आक्वितेन प्रांताच्या शासनाला दान केले. आज तेथे मोरियाक यांच्या नावाचे केंद्र असून घर पाहण्यासाठी खुले आहे. उन्हाळ्यात येणारे आता वाचक असतात, आणि त्यांना आकाशाची चिंता नसते.

ती चिंता आजूबाजूच्या शेतकऱ्यांना आहे, आणि ती आता केवळ गारांची नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात चौथऱ्यावरून दिसणाऱ्या त्या काळ्या रेघेच्या अरण्यात, लांदिरासच्या बाजूला, हजारो हेक्टर पाइन जळाले. बोर्दोच्या द्राक्षासवाचा खप घटत गेल्यामुळे २०२३ मध्ये त्या प्रदेशातील सुमारे साडेनऊ हजार हेक्टरपर्यंत वेली मुळासकट उपटण्याची आणि त्याबद्दल शेतकऱ्यांना हेक्टरी सहा हजार युरो देण्याची योजना जाहीर झाली. फिलोक्सेराच्या वेळी वेली मेल्या तेव्हा लोकांनी त्याच मातीत पुन्हा लावल्या होत्या. या वेळी ज्या शेतातून वेली काढल्या, तेथे त्या पुन्हा लावायच्या नाहीत, अशी अट आहे.