परकीय भांडवल आणि स्वदेशी अटी : गुडगावचा धडा

जागतिकीकरण म्हटले की काहींना त्यात केवळ समृद्धी दिसते, तर काहींना केवळ पारतंत्र्य. विकसनशील देशाच्या दृष्टीने मात्र तो मुख्यतः एक व्यवहार आहे, आणि कोणत्याही व्यवहाराप्रमाणे त्याचे बरेवाईट फळ त्यातील अटींवर अवलंबून असते. याचे उदाहरण शोधण्यासाठी राजधानीपासून फार दूर जाण्याचे कारण नाही. दिल्लीच्या सीमेला लागून असलेले गुडगाव, ज्याचे नाव २०१६ पासून गुरुग्राम झाले, त्यासाठी पुरेसे आहे.

१९८१ मध्ये केंद्र सरकारने मारुती उद्योग ही कंपनी स्थापन केली. पुढील वर्षी जपानच्या सुझुकी कंपनीशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी गुडगावच्या कारखान्यातील पहिली मोटार ग्राहकाच्या हाती आली. त्या वेळी सुझुकीचा हिस्सा २६ टक्के होता. उरलेला सरकारचा होता. आरंभी बहुतेक सुटे भाग जपानहून येत. ते टप्प्याटप्प्याने देशातच तयार करावयाचे, असे धोरण ठरले होते. त्यामुळे कारखान्याभोवती सुटे भाग पुरविणाऱ्या लहानमोठ्या उद्योगांची साखळी उभी राहिली आणि विकत घेतलेले तंत्रज्ञान देशातील कारागिरांच्या अंगवळणी पडले. परकीय भांडवलापासून मिळणारी खरी संधी ती हीच.

१९९१ नंतर देशाची बाजारपेठ अधिक खुली झाली. २००२ मध्ये कंपनीत सुझुकीचे बहुमत झाले आणि २००७ मध्ये सरकारने आपला उरलेला हिस्साही विकला. उत्पादन वाढतच राहिले; पण त्याबरोबर धोक्याची बाजूही उघड झाली. जवळच्या मानेसर येथील कारखान्यात कायम कामगार आणि कंत्राटी कामगार शेजारी शेजारी उभे राहून काम करीत, परंतु त्यांच्या वेतनात मोठे अंतर होते. नव्या कामगार संघटनेच्या मान्यतेवरून जून २०११ मध्ये तेथे संप झाला. १८ जुलै २०१२ रोजी हिंसाचार उसळला. त्यात एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा मृत्यू झाला, कारखाना महिनाभर बंद राहिला आणि शेकडो कामगारांची नोकरी गेली.

दुसरा धोका बाहेरून आला. २०२१ मध्ये जगभर सेमीकंडक्टर चिपचा तुटवडा पडला. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये हरियाणातील उत्पादन नेहमीच्या सुमारे ४० टक्क्यांवर येईल, असे कंपनीला जाहीर करावे लागले. एक लहानसा भाग परदेशातून वेळेवर आला नाही, तर येथील कामगाराचा रोजगार धोक्यात येतो, हे त्यावरून दिसले.

तात्पर्य, दारे उघडावीत की बंद ठेवावीत, एवढ्यावर विकसनशील देशाचे हित ठरत नाही. बाहेरून आलेले ज्ञान येथे रुजविण्याची अट जशी गुडगावात पाळली गेली, तशीच समान कामाला समान वेतन देण्याची अटही पाळली गेली पाहिजे. पहिलीने उद्योग उभा राहतो; दुसरीवाचून तो समाजाला आपला वाटत नाही.