उंबऱ्याच्या आत जाताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

समाजकार्याचं रीतसर शिक्षण आपल्या देशात सुरू झालं ते १९३६ साली, मुंबईत. आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था या नावानं आपण ओळखतो, तिची ती सुरुवात. तेव्हापासून या शिक्षणात पुस्तकांच्या बरोबरीनं क्षेत्रकार्याला महत्त्व आहे. विद्यार्थ्यानं आठवड्यातले ठरलेले दिवस वस्तीत, शाळेत किंवा रुग्णालयात जायचं, केलेल्या कामाचा अहवाल लिहायचा आणि तो घेऊन मार्गदर्शकांसमोर बसायचं. माझ्या अशाच एका अहवालाची गोष्ट मी आज सांगणार आहे.

साल १९८८. मी पुण्यात शिकत होते आणि क्षेत्रकार्यासाठी एका वस्तीत जात होते. तिथल्या शाळेच्या बाईंनी मला सातवीतल्या एका मुलीबद्दल सांगितलं. मुलगी हुशार, पण दिवाळीनंतर शाळेत फिरकलीच नव्हती. मी त्याच दिवशी तिच्या घरी गेले. दहा बाय दहाची खोली. आई सकाळी सातला धुण्याभांड्यांच्या कामाला जायची, वडील हमालीला. घरात आजी, ही मुलगी आणि तिचा दोन वर्षांचा भाऊ. भावाला सांभाळायला म्हणून मुलगी घरी राहत होती. अंगणवाडी होती, पण तिथे तीन वर्षांच्या पुढची मुलं बसवत.

मला वाटलं, उत्तर तर समोरच बसलंय. आजी घरात आहेत, त्यांनी नातवाला सांभाळावं. संध्याकाळी सगळे घरी असताना मी पुन्हा गेले आणि सर्वांच्या देखत म्हणाले, "आजी, तुम्ही मनावर घेतलंत तर पोरीची शाळा सुटणार नाही." आजी फटकन म्हणाल्या, "पोरीच्या जातीला काय करायचीय एवढी शाळा?" मग मीही मुलींच्या शिक्षणावर त्यांना चार शब्द सुनावले. मुलीचे वडील शांतपणे म्हणाले, "ताई, आमच्या घरचं आम्ही बघू." पुढचे तीन आठवडे त्या घराचं दार माझ्यासाठी उघडलं नाही.

अहवालात मी लिहिलं, 'आजी जुन्या विचारांच्या आहेत. सहकार्य करत नाहीत.' आमच्या मार्गदर्शक बाईंनी तो वाचला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "या घराचा नकाशा काढ." पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ, नात्यांसाठी रेषा. जेनोग्राम म्हणतात त्याला. मी काढला. मग त्यांनी विचारलं, "आजी या घरात कधी आल्या? त्याआधी कुठे होत्या? त्यांचं कुणाशी पटतं?" मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. बाई एवढंच म्हणाल्या, "तू त्या घरात बोलून आलीस. आता जाऊन बस."

चौथ्या आठवड्यात मी गेले, ती आधी चुकीची कबुली द्यायला. "आजी, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले, ते चुकलं माझं." आजी काही बोलल्या नाहीत, पण बस असंही हातानंच सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. बोटं सुपातून फिरत होती, नजर मात्र दाराकडे. निवडून झाल्यावर नातीनं सूप उचललं, कोपऱ्यात नेलं आणि काही न बोलता तेच तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.

मी ते पाहिलं, हे मुलीनं पाहिलं. मला वेशीपर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "ताई, आजीला दिसत नाही नीट. कुणाला सांगू नका. गावाला पाठवतील तिला. तिथं कुणी नाही." स्टोव्ह पेटलेला, दारात उघडं गटार आणि दोन वर्षांचं धावणारं पोर. आजींना त्याला सांभाळण्याची भीती वाटत होती आणि ती भीती त्या शाळेवरच्या रागाखाली झाकत होत्या. आजीचं गुपित राखण्यासाठी नात घरी बसली होती.

आता मला सगळं कळलं होतं, पण गुपित माझं नव्हतं. दुसऱ्या खेपेला आजी एकट्या असताना मी फक्त डोळ्यांच्या सरकारी दवाखान्याबद्दल बोलले. मोतीबिंदू काढता येतो, पैसे लागत नाहीत, एवढंच. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "लेकाला मीच सांगते." कधी सांगितलं, कसं सांगितलं, मला ठाऊक नाही. पुढच्या आठवड्यात मुलाचा हात धरून त्या दवाखान्यात आल्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. शेजारच्या बाईंनी काही दिवस धाकट्याला पाहिलं. मुलगी शाळेत परतली, पण तोवर वार्षिक परीक्षा होऊन गेली होती. तिचं ते वर्ष वाया गेलं, आणि त्यातले तीन आठवडे माझ्यामुळे गेले होते.

त्यानंतर पुष्कळ घरांत गेले. प्रत्येक घरात आधी विचारते, पहाटे कोण उठतं, पाणी कोण भरतं, आजारी पडलं तर कोण कुणाजवळ बसतं. अशा साध्या प्रश्नांतून घर उलगडत जातं.

एक इशारा मात्र द्यायला हवा. कुटुंब जोडणं म्हणजे प्रत्येक घर कसंही करून टिकवणं नव्हे. जिथे मारहाण आहे, तिथे नवऱ्याच्या समोर बसवून बायकोला 'काय त्रास आहे?' असं विचारणं म्हणजे तिला आणखी संकटात टाकणं. तिथे तिला एकटीला भेटायचं, तिची सुरक्षितता आधी पाहायची. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं संरक्षण अधिकारी दिले आहेत आणि त्याच घरात राहण्याचा तिचा हक्कही मान्य केला आहे. हे तिला सांगणं आपलं काम. निर्णय तिचा.

आज माझ्याकडे विद्यार्थी अहवाल घेऊन येतात. एखाद्यात 'सहकार्य करत नाहीत' असं वाक्य दिसलं की मी पेन्सिल पुढे करते आणि म्हणते, "घराचा नकाशा काढ." आणि मला ते सुपातले तांदूळ आठवतात.