बेटावरचे अर्धदेव



'लॉस्ट' ही अमेरिकी मालिका २००४ ते २०१० या काळात एबीसी वाहिनीवर चालली. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं विमान बेटावर कोसळतं आणि वाचलेल्यांना तिथे धुराचा राक्षस, जमिनीखालची प्रयोगशाळा, म्हातारा न होणारा माणूस असं एकेक भेटत जातं. हे बेट आहे तरी काय, असं सहा वर्षं सगळे विचारत राहिले. पण पुराणकथा ऐकताना अमृत कशाचं बनलं होतं, असं आपण कधी विचारतो का? ते कोणाला मिळालं, कोणत्या अटीवर मिळालं, आणि अटीतून पळवाट कोणी काढली, यात आपल्याला रस. तीच नजर घेऊन या बेटाकडे बघू.

११ मे २०१०चा भाग सगळ्यात जुनी गोष्ट सांगतो. लॅटिन बोलणारी एक बाई बेटावर येते आणि जुळ्यांना जन्म देते. बेटाची राखणदारीण तिला मारून मुलं स्वतः वाढवते. एकाचं नाव जेकब, दुसऱ्याला नावच नाही. ग्रीक कथा ज्यांना ठाऊक आहेत त्यांचे कान इथे टवकारतात. पोलक्स झ्यूसचा म्हणून अमर, त्याचा जुळा कॅस्टर मर्त्य. हेराक्लीस देवाचा, त्याच्याच आईच्या पोटचा इफिक्लीस माणसाचा. रोमकडे वळलात तर रोम्युलस भावाच्या रक्तावर नगर वसवतो.

जेकब आणि त्याच्या भावाने एकमेकांना मारायचं नाही, असा त्यांना वाढवणाऱ्या आईचा नियम. मग भाऊ काय करतो? दुसऱ्याचा हात शोधतो. बेन लायनस नावाच्या दुखावलेल्या माणसाकडून जेकबला भोसकवतो. हिरण्यकशिपूचा वर आणि भीष्मांसमोर उभा केलेला शिखंडी ठाऊक असलेल्यांना यात गूढ काही वाटणार नाही.

आता जरा सावध करतो. या वाचनाची चटक लागते. तळघरात दर १०८ मिनिटांनी कळ दाबत बसलेला डेस्मंड ज्या पेनेलोपीसाठी झुरतो, तिच्याच नावाच्या राणीला होमरने 'ओडिसी'त १०८ मागणीदार दिले आहेत. आपल्याला आपली जपमाळ आठवते, त्यात त्या प्रयोगशाळेच्या संस्थेचं नाव 'धर्मा' आणि तिथली माणसं एकमेकांना नमस्ते म्हणतात! पेनेलोपीचं नातं खरं आहे, कारण समुद्रावर भरकटलेला नवरा आणि वाट पाहणारी बाई हा त्या कथेचा कणाच आहे. जपमाळेने मात्र मालिकेतलं काहीच उलगडत नाही. निव्वळ आकडा जुळला म्हणून हुरळून जाऊ नये. उलट किनाऱ्यावरचा चार बोटांचा भग्न पुतळा पाहा. तो टावेरेटचा, इजिप्तच्या बाळंतपण राखणाऱ्या देवीचा. आणि त्याच बेटावर गर्भ राहिलेल्या बायका दगावतात. हे नुसतं साम्य नाही, कथेच्या वर्मी लागणारं आहे.

माझ्या मते खरी मौज मात्र मिथक जिथे बसत नाही, तिथे आहे. हेराक्लीसचं देवपण रक्तातलं. जेकबच्या रक्तात तसलं काही नाही. आई त्याला वाइन पाजते, आणि त्या घोटासरशी राखणदारी त्याच्या गळ्यात पडते. भावाला प्रकाशाच्या गुहेत लोटल्यावर त्याचा धूर होतो, तोही जेकबच्या रागाने, कुठल्या दैवी जन्माने नव्हे. पुढे जेकबकडून अपघातातून वाचलेल्या डॉक्टर जॅककडे आणि जॅककडून हर्लीकडे ती राखणदारी जाते, देवळातल्या पूजेची पाळी जावी तशी.

हर्ली कोण? लॉटरी लागल्यापासून आपण पनवती आहोत असं मानणारा, जाडजूड, खाण्यावर जीव असलेला मुलगा. वीराची एकही खूण त्याच्या अंगावर नाही. आपल्याला हे जमणार नाही म्हणून तो रडवेला होतो, तेव्हा बेन त्याला सांगतो की जेकबने घातलेली रीत ही जेकबची होती, तू तुझी घाल. जेकबला मारणारा हाच बेन पुढे हर्लीचा मदतनीस होतो. होमरच्या कुठल्या वीराशी या जोडीचं नातं लावायचं, ते मला सापडलेलं नाही.